वलांडी नकाशावर कुठे आहे? मुंबईच्या सुक्या बोंबलाचं प्रकरण

वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यातला एखादा कोळीवाडा डोळ्यांसमोर आणा. तिथे वलांडीवर, म्हणजे दोऱ्या ताणलेल्या बांबूच्या परांचीवर, बोंबील सुकवून विकणाऱ्या अठरा-वीस बायकांचा गट आहे. ‘आमचा सुका बोंबील’ वारसा म्हणून कुठेतरी नोंदला जावा आणि उद्या कुणी तो हिरावून घेऊ नये, एवढीच त्यांची मागणी आहे. हा गट आणि हा वाडा आम्ही नमुन्यादाखल बेतला आहे. मासा, कायदे, मापं आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत. अशी मागणी आली की फाईल कशी बांधायची, कुठे ती फसते आणि का, हे या प्रकरणात मांडलं आहे.

पहिली बैठक बहुतेक वेळा ‘जीआय’ (भौगोलिक संकेत, म्हणजे ठरावीक भूभागातल्या मालाच्या नावाची नोंदणी) या एका शब्दावर सुरू होते आणि तिथेच अडकते. हापूसला मिळालं, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मिळालं, मग बोंबलाला का नको? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी बोंबील सुकतो कसा हे तपशिलात पाहावं लागतं. कारण जपायचं काय, हे त्या तपशिलातच दडलेलं आहे.

मासा, दोरी आणि वारा

बोंबील हा मुख्यतः डोल जाळ्याचा मासा. डोल म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवलेली शंकूसारखी मोठी पिशवी. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून वाहतं आणि मासा मागच्या खोळीत साठतो. त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासळी जास्त येते आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी ओढीच्या, दिवसांत हात आखडतो. सुकवणीचं वेळापत्रक असं चंद्राला बांधलेलं आहे, कॅलेंडरातल्या वारांना नाही. पुढे सरकारी पाहणीची तारीख ठरवताना हे हमखास विसरलं जातं.

ताज्या बोंबलात ८८ ते ९० टक्के पाणी असतं. अंग इतकं मऊ की बर्फाशिवाय काही तासांत तो ढिला पडतो. म्हणून होडी लागल्यावर घाई असते. आधी निवड होते: बोंबील, करंदी, जवळा, मांदेली, वाकट्या वेगवेगळ्या टोपल्यांत जातात. जवळा-करंदी खळ्यावर किंवा ओट्यावर पसरून सुकते. बोंबील टांगावाच लागतो. तो धुऊन दोन-दोनाच्या जोड्या करतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा. ही जोडी दोरीवर अशी टाकतात की एक मासा या बाजूला आणि एक त्या बाजूला लोंबेल. गाठ नाही, तार नाही, हूक नाही. बोंबलाचे दातच त्याची खुंटी होतात.

या दोऱ्या ज्या बांबूच्या परांचीवर ताणतात ती वलांडी. पाच-सहा आडव्या दोऱ्या एकीखाली एक असतात, आणि सगळ्यांत खालची जमिनीपासून निदान हातभर वर, म्हणजे वाळू उडून चिकटत नाही आणि कुत्र्या-मांजरांचं तोंड पोहोचत नाही. कावळ्यांसाठी वरून जुनं जाळं टाकतात. मीठ लावत नाहीत. मुंबई-पालघरकडच्या सुक्या बोंबलाची ही मोठी खूण आहे. तो खारवलेला मासा नव्हे, निव्वळ ऊन आणि वारा यांवर सुकलेला मासा आहे.

आता हिशेब. १०० किलो ताज्या बोंबलात घनभाग १० ते १२ किलो. शेवटी १५ टक्के ओल ठेवून सुकवला तर हातात १२ ते १४ किलो माल येतो, म्हणजे सात-आठ किलो ओल्याचा एक किलो सुका. भाव ऐकून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला हा आकडा सांगावा. मासा सरासरी १०० ग्रॅमचा धरला तर १०० किलो म्हणजे हजार मासे, पाचशे जोड्या. एक मीटर दोरीवर वारा खेळेल इतक्या अंतराने वीसेक जोड्या बसतात, म्हणून २५ मीटर दोरी लागते, म्हणजे पाच मीटर लांबीची पाच दोऱ्यांची एक वलांडी. सुकायला स्वच्छ हवेत तीन-चार दिवस जातात. रोज १०० किलो येणार असेल तर एका वेळी चार वलांड्या उभ्या हव्यात, आणि दोन वलांड्यांत माणूस टोपली घेऊन फिरेल आणि वारा आरपार जाईल एवढी मोकळी वाट हवी. हा जागेचा आकडा जपून ठेवा. प्रकरणाचा खरा गाभा तोच आहे.

बिघडतं ते बहुतेक पहिल्या चोवीस तासांत. अवकाळी पावसाची एक सर आली की ओला-अर्धा सुका माल तांबूस पडतो, वास बदलतो, आणि माशी बसली तर अळी धरते. जोड्या चिकटून टांगल्या तर मधला भाग ओला राहतो आणि तिथून बुरशी सुरू होते. जमिनीवर अंथरला तर एक बाजू सुकते, दुसरी वाफते. साठवणीत शत्रू वेगळा: भुंगेरा. तो सुक्या माशात भोकं पाडून आतलं मांस पीठ करून टाकतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी माल पुन्हा एकदा कडक उन्हात घालून, पूर्ण थंड करून मगच बंद करायचा. गरम असतानाच पिशवीत भरला की आत घाम सुटतो, आणि महिन्याभराने उघडल्यावर दोष उन्हाला दिला जातो. चांगला सुका बोंबील फिकट पिवळसर-पांढरा असतो, वाकवला की कडकन मोडतो. तो लवत असेल तर ओल आहे.

जीआय का अडतं

भौगोलिक संकेतांचा कायदा १९९९चा, अंमल १५ सप्टेंबर २००३पासून. नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते, दहा वर्षांसाठी, आणि पुढे नूतनीकरण करता येतं. सुकी मासळी वर्ग २९ मध्ये येते. अर्जात मालाचं वर्णन, उत्पादनाची पद्धत, भूभागाचा प्रमाणित नकाशा, उत्पादकांची यादी, उगमाचे पुरावे आणि तपासणीची यंत्रणा द्यावी लागते. हे सगळं जमवता येतं. अडचण वेगळीच आहे: या मालाचा विशिष्ट गुण किंवा लौकिक मुख्यतः या विशिष्ट भूभागामुळे आहे, हे दाखवावं लागतं.

आणि तिथे फाईल ढिली पडते. हाच मासा अर्नाळा-वसईला सुकतो, रायगडात सुकतो, गुजरातेत जाफराबादच्या किनाऱ्यावर तर मोठ्या प्रमाणात सुकतो, आणि तोही टांगूनच. ‘मुंबईचा बोंबील’ वेगळा कसा, असं परीक्षकाने विचारलं तर ‘आमच्या हाताची चव’ हे उत्तर कागदावर टिकत नाही. इंग्रजीतलं ‘बॉम्बे डक’ हे नावही आधाराला येत नाही. ते जगभर या माशाचं सर्वसाधारण नाव होऊन बसलं आहे, आणि मालाचं सर्वसाधारण नाव बनलेला संकेत कायदा नोंदवत नाही. जाता जाता: हे नाव रेल्वेच्या ‘बॉम्बे डाक’वरून पडलं, ही गोष्ट अर्जात घालू नये. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ साली, आणि हे नाव त्याआधीच्या लिखाणात सापडतं. अर्जात एक लोणकढी सापडली की उरलेल्या पुराव्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

रसगुल्ल्याचं उदाहरण इथे कामाचं आहे. बंगालला २०१७ मध्ये ‘बांग्लार रसोगोल्ला’ मिळाला, ओडिशाला २०१९ मध्ये ‘ओडिशा रसगोला’. मूळ कुणाचं, हा वाद रजिस्ट्रीने सोडवला नाही. दोघांनी आपापल्या पदार्थाची वेगळी घडण लिहून दिली आणि दोन्ही नावं राहिली. म्हणजे बोंबलासाठी वाट असलीच तर ती अशी: मुंबईचा हट्ट सोडून पालघरपासून रायगडपर्यंतच्या सगळ्या सुकवणाऱ्यांनी एकत्र येऊन, बिनमिठाची, जबड्याला जबडा अडकवून टांगण्याची पद्धत आणि तिचे मापदंड लिहून काढायचे. काम दोन-तीन वर्षांचं, आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी तीन महिने, वाढवून जास्तीत जास्त चार. एका वाड्याच्या गटाला हे झेपणारं नाही, आणि आमच्या मते आत्ता गरजेचंही नाही. तोवर नाव जपायचंच असेल तर ट्रेड मार्क कायद्याखाली गटाचं सामूहिक चिन्ह घेता येतं. त्यासाठी भूभागाशी नातं सिद्ध करावं लागत नाही, चिन्ह कोण आणि कसं वापरणार याचे नियम तेवढे लिहून द्यावे लागतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही अर्जात पहिल्याच पानावर हवी: अर्जदार कोण? मच्छीमार सोसायटीचे सभासद बहुतेक होडीवाले पुरुष असतात. सुकवणं, साठवणं, विकणं हे सगळं बायकांच्या हातचं. जीआयच्या कायद्यात ‘उत्पादक’ म्हणजे फक्त मासा पकडणारा नव्हे, त्यावर प्रक्रिया करणारा आणि तो बांधून विकणाराही त्यात येतो. यादी सोसायटीच्या रजिस्टरवरून उतरवली तर ज्यांच्या हातची ही विद्या आहे त्याच यादीबाहेर राहतात. असं मुद्दाम कुणी करत नाही. रजिस्टर हाताशी असतं, म्हणून ते उतरवलं जातं.

युनेस्कोचा अर्थ नीट लावणं

दुसरा शब्द युनेस्को. अमूर्त सांस्कृतिक वारशाचा करार २००३चा, भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. लोकांना वाटतं तिथे पदार्थ नोंदले जातात. नोंदींची नावं वाचली की गैरसमज निघतो. कोरियाची २०१३ची नोंद किमचीची नाही, ‘किमजांग’ची आहे, म्हणजे थंडीआधी सगळ्यांनी मिळून किमची घालण्याची आणि ती वाटून घेण्याची. नेपल्सची २०१७ची नोंद पिझ्झ्याची नाही, पिझ्झा करणाऱ्याच्या कलेची आहे. सिंगापूरची २०२०ची नोंद हॉकर संस्कृतीची, म्हणजे पदार्थाइतकीच ते जिथे मिळतात त्या जागांची. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या सगळ्यांत जवळची नोंद २०१४ची, पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेरांची: पितळ-तांब्याची भांडी घडवण्याची कला.

म्हणून आपल्या फाईलचं नाव ‘सुका बोंबील’ नको. ‘बोंबील जोड्यांनी टांगून सुकवण्याची, साठवण्याची आणि पावसाळ्यात घरोघर पुरवण्याची कोळी बायकांची रीत’ असं काहीसं हवं. लांबलचक आहे, पण प्रत्येक शब्दामागे दाखवता येण्यासारखं काम आहे. अर्थात युनेस्कोकडे अर्ज फक्त देशाचं सरकार करतं, आणि त्याआधी देशातल्या यादीत नाव असावं लागतं. ते काम आपल्याकडे संगीत नाटक अकादमीकडून चालतं. या यादीसाठी लागणारं साहित्य मात्र वाडा स्वतः तयार करू शकतो: फोटो, पाच-दहा मिनिटांची चित्रफीत, रीत पाळणाऱ्या लोकांची लेखी संमती. संमतीचा कागद मराठीत हवा आणि तो वाचून दाखवलेला हवा. काही घरांत मसाल्याचं प्रमाण बाहेर सांगत नाहीत. ते न लिहिण्याचा त्यांचा हक्कही त्या कागदात असावा.

नोंदी घेताना ‘मावशी, रेसिपी सांगा’ असं विचारलं की सगळ्यांकडून एकच गुळगुळीत उत्तर येतं. काम चालू असताना बाजूला वजनकाटा घेऊन बसावं. हात घालण्याआधी मसाल्याचा डबा तोलायचा, घातल्यावर पुन्हा तोलायचा, म्हणजे ‘अंदाजाने’चे ग्रॅम होतात. अशा पद्धतीने बोंबील-बटाट्याच्या रश्श्याची नोंद साधारण अशी होते: चार माणसांसाठी आठ-दहा सुके बोंबील, डोकं, शेपूट आणि पंख काढून, दोन-दोन इंचांचे तुकडे, तव्यावर कोरडेच मिनिटभर परतून मग कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजत. दोन बटाटे, ठेचलेल्या लसणाच्या दहा पाकळ्या, तीन चमचे तेल, दोन चमचे कोळी मसाला, अर्धा चमचा हळद, चार आमसुलं, दीड-दोन वाट्या पाणी. तेलात लसूण, मग मसाला, लगेच बटाटे आणि पाणी. बटाटा अर्धा शिजला की पिळून घेतलेले बोंबील, आणि आमसुलं शेवटी. आमसुलं आधी पडली तर आंबटपणाने बटाटा शिजायला हटून बसतो. बोंबील अर्धा तास भिजला तर रश्श्यात त्याचा भुगा होतो. मासा बिनमिठाचा असल्याने मीठ नेहमीसारखंच घालायचं. खाऱ्या सुरमईच्या सवयीने हात आखडला तर रस्सा सपक होतो. हा शेवटचा तपशील छापील पाककृतींत बहुतेक सापडत नाही, आणि रीत ओळखायची ती अशाच तपशिलावरून.

स्वच्छतेचा नियम आणि उघडी हवा

‘उघड्यावर सुकवलेलं’ म्हटलं की अन्नसुरक्षेचा प्रश्न येतो, आणि तो झटकून चालत नाही. युरोपने १९९७ मध्ये भारतातून येणारा सुका बोंबील बंद केला होता. त्यात विषबाधेचा पुरावा नव्हता. भारतातली मासळी मान्यताप्राप्त गोठवणीच्या किंवा डबाबंदीच्या कारखान्यातूनच यावी असा नियम होता, आणि बोंबील कारखान्यात तयार होत नाही. ब्रिटनमधल्या चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर तोडगा निघाला तो असा: सुकवणं उघड्या हवेतच, पॅकिंग मात्र मान्यताप्राप्त ठिकाणी. कुठली पायरी बदलायची आणि कुठलीला हात लावायचा नाही, हे ठरवण्याचा याहून चांगला नमुना आमच्या माहितीत नाही.

तोच धडा सौर वाळवणी यंत्रांना लागू पडतो. बंद पेटीत माशी आणि धूळ टळते, हे खरं. पण आतलं तापमान पन्नास अंशांवर गेलं की बोंबलाचा पृष्ठभाग शिजतो, वर कडक पापुद्रा धरतो आणि आतली ओल आतच कोंडते. वरून कडकडीत, आतून ओला, असा माल दोन महिन्यांत बुरशीने जातो. यंत्र घ्यायचंच तर हवा खेळती ठेवणारं आणि चाळीस-पंचेचाळीसच्या आत राहणारं, आणि तेही अवकाळीच्या दिवसांत अर्धा सुका माल वाचवण्यापुरतं. बाकी घरगुती विक्रीला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी, पाकिटावर निव्वळ वजन, तारीख, बॅच, मासे असल्याची ॲलर्जीची सूचना आणि मांसाहाराचं तपकिरी त्रिकोणी चिन्ह. जुना गोल ठिपका छापून घेतलेली पाकिटं फुकट जातात.

नकाशा

आता त्या जागेच्या आकड्याकडे. जीआय नावाला कुंपण घालतो, युनेस्को रितीला मान देते. वलांडी ज्या जमिनीवर उभी राहते तिला यातलं काहीच राखत नाही. मुंबईत सुका बोंबील संपला तर तो जाफराबादने नाव चोरल्यामुळे संपणार नाही. वलांडीच्या जागी गाड्या लागल्या, भिंत आली, समोर टॉवर उभा राहून वारा अडला, किंवा वरच्या मजल्यांवरून वासाच्या तक्रारी आल्या, म्हणून संपेल. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं, ठीकच आहे. पण तो मान बोंबलाला मिळाला असता तरी वलांडीखालची जागा वितभरही वाढली नसती.

या जागेसाठी हत्यार आहे ते किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, आणि वारशाच्या चर्चेत त्याचं नाव क्वचितच निघतं. २०११च्या अधिसूचनेने (पुढे तिची जागा २०१९च्या अधिसूचनेने घेतली) मुंबईतल्या कोळीवाड्यांचा वेगळा विचार केला, मासळी सुकवण्याची जागा, जाळी विणण्याची जागा या स्थानिक मच्छीमारांच्या सोयी बांधकामबंदीच्या पट्ट्यातही मान्य धरल्या, आणि कोळीवाडे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा गावनकाशाच्या मापावर, म्हणजे साधारण १:४०००वर, दाखवायला सांगितलं. त्या मापावर एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. पाच मीटरची एकटी वलांडी तिथे जेमतेम एक रेघ होईल. म्हणून वलांड्या एकेक न दाखवता त्यांचा पूर्ण पट्टा दाखवायचा: दोन वलांड्यांमधल्या वाटा, होडीपासून टोपली नेण्याचा रस्ता, धुण्याची जागा, जवळ्याचं खळं, सगळं धरून. वरच्या हिशेबातल्या चार वलांड्यांची मांडणी साध्या टेपने मोजली तरी तिचे चार कोपरे मोबाईलवर घेता येतात. वापराचा पुरावा म्हणून महिनावार फोटो, बर्फाच्या आणि बांबू खरेदीच्या पावत्या, जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसणाऱ्या वलांड्यासुद्धा चालतात. सीमांकनाच्या हरकतींत असे कागद तोंडी साक्षीपेक्षा वजनदार ठरतात.

पाहणीचा महिना मात्र गटाने स्वतः मागून घ्यावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि मेअखेरीलाच बांबू सोडवून दोऱ्या गुंडाळून घरात जातात. पावसाळ्यात आलेल्या मोजणीदाराला तिथे चिखल आणि चार खड्डे दिसतात, आणि तो प्रामाणिकपणे लिहितो: ‘मोकळी जागा’. अर्जात ऑक्टोबर ते जानेवारीतला उधाणाचा आठवडा लिहून मागावा, तिथी घालून, आणि मोजणीदार येईल त्या दिवशी वलांडीवर माल असेल याची सोय गटाने करून ठेवावी.